मालिका बघता बघता वही

आमच्या गटातल्या दोघी कादंबरीचा कच्चा खर्डा लिहितायत, तेही रात्रीच्या मालिका न चुकवता. घरचे हसतात. त्यांना आम्ही आपल्याच भागातला इतिहास सांगतो.

२०१२ साली 'उंच माझा झोका' ही मालिका आपण आवडीनं बघितली. ती रमाबाई रानडे यांची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी १८६२ साली जन्मलेल्या रमाबाई लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या, घरातल्या बायकांचे टोमणे सोसून. १९१० साली त्यांच्या आठवणींचं पुस्तक आलं.

सातारा जिल्ह्यातल्या फलटणला बेबीताई कांबळे दुकान सांभाळायच्या. माल बांधायच्या रद्दीतले कागद वाचायच्या आणि कामातून सवड काढून लिहायच्या. नवऱ्यापासून हे लिखाण त्यांनी वीसेक वर्षं लपवलं. १९८२ साली 'जिणं आमुचं' 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं, मग त्याचं पुस्तक झालं.

दोघींनी कादंबरी नाही, आपलंच जगणं लिहिलं. पण निवांत वेळ त्यांनाही कुणी आणून दिला नव्हता. म्हणून मालिका खुशाल बघा. जाहिराती लागल्या की चार ओळी लिहा. आणि आता वही लपवू नका.