मच्छरदाणीतून आलेली जाळी

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीला पडलेली फट. ती शिवून बंद करण्याची भरवशाची रीत इटलीच्या बसिनी यांनी 1880च्या दशकात घालून दिली. पण आधीच कमकुवत झालेले स्नायू ओढून शिवले की टाक्यांवर ताण येतो आणि काहींचा हर्निया पुन्हा उलटतो. फटीवर प्लास्टिकची विणलेली जाळी लावण्याचा मार्ग 1950च्या दशकाअखेरीस ह्यूस्टनच्या फ्रान्सिस अशर यांनी दाखवला, आणि ताण न देता ती बसवण्याची पद्धत लॉस एंजलिसच्या लिक्टेनस्टाइन यांनी 1980च्या दशकात रूढ केली. उपाय चांगला, पण गरिबाच्या आवाक्याबाहेरचा. तेव्हा धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि डॉ. ब्रह्मा रेड्डी यांनी 1990च्या दशकात मच्छरदाणीचे कापड हाती घेतले. कापड धुवायचे, तुकडे कापायचे, पाकिटात घालून ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायचे. अनेक रुग्णालयांतले अनुभव 2003 साली ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त छापून आले.

माझ्या मते इथे नवा शोध पदार्थाचा नाहीच. महाग होते ते प्लास्टिक नसून त्याभोवतीचे पाकीट, परवाना आणि नफा, हे उघड झाले. अर्थात परवाना काही फुकाचा नसतो, आणि ‘गरिबाला दुय्यम माल’ हा आक्षेपही गंभीर आहे. त्याचे उत्तर युगांडातून आले. तिथे 302 पुरुषांवर चाचणी झाली, काहींना कंपनीची जाळी आणि काहींना मच्छरदाणीची. निष्कर्ष 2016 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. वर्षभरात मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया परतला, कंपनीच्या गटात एकाचाही नाही. गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखे. किंमत मात्र एका बाजूला डॉलरच्या आसपास, दुसऱ्या बाजूला शंभराच्या वर. वर्षाचा काळ थोडा आहे, हे मान्य. पण खेड्यातल्या रुग्णापुढचा पर्याय बहुधा महागडी जाळी नसतो, नुसते टाके असतात. तुलना त्यांच्याशी करायला हवी, आणि उलटलेला हर्निया म्हणजे दुसरे ऑपरेशन, पुन्हा बुडालेली मजुरी.

धोका आहे तो बाजारातल्या कुठल्याही मच्छरदाणीला कात्री लावण्यात. कीटकनाशक लावलेले कापड चालत नाही, आणि पॉलिथिलीनचे कापड असेल तर 121 अंशांच्या वर ते वितळू लागते. म्हणून कापडाचे मानक ठरवण्याचे आणि प्रत्येक गठ्ठा तपासण्याचे काम सरकारी यंत्रणेने करावे. ते गावच्या सर्जनवर सोडू नये.