काळ्या दगडांतलें रान

आपल्यापैकीं पुष्कळांचें बालपण काळ्या दगडाच्या सहवासांत गेलेलें आहे. वाड्याचें जोतें, नदीचा घाट, देवळाची पायरी, स्वयंपाकघरांतला पाटा आणि वरवंटा हीं सारीं ज्या फत्तराचीं घडविलीं, त्याला भूशास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. महाराष्ट्राचा बहुतेक भाग या एकाच दगडानें व्यापला आहे, आणि आजूबाजूचे प्रदेश धरले तर त्याचा विस्तार आजहि सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. कोणे एके काळीं जमिनीच्या भेगांतून तप्त रस बाहेर आला, थरावर थर सांचले आणि त्यांतून हा दगड झाला, हें आपण शाळेंत शिकलों. परंतु ‘कोणे एके काळीं’ म्हणजे नेमकें केव्हां? या साध्या प्रश्नावर विद्वानांचा वाद शंभराहून अधिक वर्षें चालला. आणि त्या वादांत साक्ष द्यावयास पुढें आलीं तीं झाडें. आगींतून जन्मलेल्या दगडांत झाडें कोठून आलीं, तीं कोणीं शोधिलीं, आणि त्यांची साक्ष कितपत खरी ठरली, ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम झाडांविषयीं. हा लाव्हारस एकदांच उसळून थांबला, असें झालें नाहीं. एक लोट येऊन गेला कीं मध्यें दीर्घ विसांवा असे. त्या विसांव्यांत दगडाची माती होई, खोलगट जागीं पाणी सांचून तळीं बनत, काठानें रान वाढे. मग पुन्हां जमीन फाटे आणि नवा लोट त्या तळ्यांवरून व रानावरून पसरे. नागपूर आणि छिंदवाडा हे प्रदेश या लाव्ह्याच्या पूर्व कडेला पडतात. येथें दोन काळ्या थरांच्या मध्यें तळ्यांतील गाळाचा एक पातळ पट्टा अनेक ठिकाणीं दिसतो. त्या तळ्यांच्या पाण्यांत गारगोटीचें द्रव्य विरघळलेलें होतें. पाण्यांत पडलेल्या लाकडांत, फळांत आणि बियांत तें हळूहळू मुरलें, पेशीपेशींत भरलें आणि घट्ट झालें. वस्तु दगडाची झाली, पण तिची घडण जशीच्या तशी राहिली.

मागें एकदां दिवाळीनंतर मी सौंसरच्या बाजूस गेलों होतों. नागपूरहून छिंदवाड्याकडे जातांना सातपुड्याच्या पायथ्याशीं हा मराठी बोलणारा मुलूख लागतो. आज तो मध्य प्रदेशांत आहे. तेथील मोहगांव कलान या गांवाचें नांव वनस्पतींच्या जीवाश्मांसाठीं जगभरच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. मीं आधीं सागाच्या रानांत ओढ्याकाठानें अर्धा दिवस शोध केला आणि रिकाम्या हातानें बाहेर आलों. मग एका शेताच्या बांधावर, काळ्या दगडांच्या मधोमध, पिंवळट पांढरी गारगोटी दिसली. ती ओली करून उन्हांत धरतांच तिच्यांत ताडाच्या लाकडासारखे ठिपके उमटले. शेताचे मालक वृद्ध होते. ते म्हणाले, “ह्या गोट्यायनं नांगराचा फाळ मोडते, म्हून बांधावर टाकतो.” मीं विचारलें, “काका, हा कोणत्या वावरांतला?” ते हंसले. “काय मालूम? आज्याच्या वक्तानं टाकला असन.” त्यांच्या या उत्तराकडे मी शेवटीं पुन्हां येणार आहें.

या भागांतील दगडी वनस्पतींकडे ज्यांचें लक्ष आरंभीं गेलें, त्यांत नागपूरचे स्टीफन हिस्लॉप हे प्रमुख होत. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आले, तेव्हां तेथें भोसल्यांचें राज्य होतें. त्यांचें नेमलेलें काम धर्मप्रचाराचें आणि शाळा चालविण्याचें; त्यांच्या नांवाचें १८८३ सालीं निघालेलें कॉलेज नागपूरकरांस सुपरिचित आहे. परंतु या गृहस्थांची दृष्टि चौफेर होती. गोंड लोकांत हिंडून त्यांनीं त्यांची भाषा व गीतें टिपून घेतलीं, आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांजबरोबर नागपूरच्या आसपासचीं टेकाडें, नाले आणि खाणी पायाखालीं घातल्या. शहरानजीकच्या टाकळी येथें त्यांस काळ्या थरांमधील गाळांत फळें, बिया, लाकडें, गोड्या पाण्यांतले शंख आणि किड्यांचे अवशेष मिळाले. मिळालेल्या वस्तूंचा नुसता ढीग त्यांनीं केला नाहीं. वस्तु कोणत्या थरांत होती, त्या थराच्या वर काय आहे आणि खालीं काय आहे, हें त्यांनीं नोंदविलें. १८५५ सालीं लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकांत हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसरावरील निबंध प्रसिद्ध झाला.

पुढें १८६० सालीं हिस्लॉप यांनीं आपलें मत स्पष्ट मांडलें: हे थर तृतीय महायुगाच्या आरंभींचे, म्हणजे डायनोसॉर पृथ्वीवरून नाहींसे झाल्यानंतरचे आहेत. त्यांना या प्रश्नाचा पाठपुरावा फार काळ करतां आला नाहीं. १८६३ च्या सप्टेंबर महिन्याच्या ४ तारखेस नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून ते घोड्यावरून परतत होते. पावसाळ्याचे दिवस; वाटेंतला ओढा फुगलेला. त्यांतच बुडून त्यांचा अंत झाला. वय अवघें ४५ होतें. गोंडांविषयींचे त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापून काढले.

हिस्लॉप गेले आणि त्यांचें मतहि मागें पडलें. सरकारी भूशास्त्र खात्यांतील विल्यम ब्लॅनफर्ड हे मोठे जाणते संशोधक होते. त्यांनीं झाडांपेक्षां थरांच्या रचनेवर भर दिला. नर्मदेच्या खोऱ्यांत बाघ येथें समुद्रांतील प्राण्यांचे अवशेष असलेले खडक आहेत आणि ते निःसंशय क्रिटेशस युगाचे, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या युगाचे आहेत. काळा दगड त्यांच्यावर पसरलेला असून मध्यें फार मोठा खंड पडल्याचें दिसत नाहीं. तेव्हां तोहि क्रिटेशस युगाच्या अखेरीचाच, असा त्यांचा युक्तिवाद. मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड यांचा भारतीय भूशास्त्रावरील ग्रंथ १८७९ सालीं निघाला, आणि पुढील अर्धशतक त्याच मताचा पगडा राहिला. टाकळीचीं फळें पेट्यांत पडून राहिलीं.

तीं पुन्हां बोलूं लागलीं तीं लखनौच्या एका प्रयोगशाळेमुळें. डॉ. बीरबल साहनी हे पंजाबांतील भेरा गांवीं १८९१ सालीं जन्मलेले, केंब्रिज येथें प्रोफेसर सीवर्ड यांच्या हाताखालीं शिकलेले, आणि १९२१ पासून लखनौ विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. ते खोलींत बसणारे पंडित नव्हते. राजमहालच्या टेकड्यांपासून मध्य प्रांताच्या शेतांपर्यंत ते स्वतः हिंडत, आणि त्यांच्या पत्नी सावित्रीबाई प्रवासांत बरोबर असत. मोहगांवच्या दगडी फळांविषयीं के. पी. रोडे या भूशास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं लिहिलें, आणि १९३७ सालीं साहनी व रोडे यांनीं मिळून तेथील वनस्पतींचा सविस्तर निबंध प्रसिद्ध केला.

अशा दगडाचें अंतरंग कसें पाहतात, तें ऐकण्यासारखें आहे. दगडाची पातळ चकती कापतात. ती कांचेवर चिकटवून कठीण भुकटीनें घांसत जातात. घांसतां घांसतां ती कागदाहूनहि पातळ होते आणि तिच्यांतून प्रकाश आरपार जाऊं लागतो. मग सूक्ष्मदर्शकाखालीं एकेक पेशी दिसते. काम मोठ्या धीराचें. एक घासा अधिक बसला तर कोट्यवधि वर्षें टिकलेली वस्तु क्षणांत नाहींशी होते. या रीतीनें सौंसरच्या रानाचें चित्र हळूहळू पुरें होत गेलें. तेथें ताड होते. आणि आजहि डबक्यांवर हिरवी साय धरणारा अझोला हा तरंगता नेचा होता, त्याचें वर्णन साहनी व एच. एस. राव यांनीं १९४३ सालीं केलें.

पण सर्वांत मोलाचें ठरलें तें नीपा नांवाच्या ताडाचें फळ. नीपा आजहि जिवंत आहे. सुंदरबनांत भरतीच्या खाऱ्या चिखलांत तो वाढतो आणि त्याच्या पानांनीं बंगालचे लोक छपरें शाकारतात. समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या सातपुड्याच्या पायथ्याशीं त्याचें फळ मिळावें, याचा अर्थ त्या काळीं समुद्राचा फांटा या बाजूस आंत आलेला असावा, असें कित्येकांस वाटलें. साहनींचें लक्ष मात्र आणखी एका गोष्टीकडे गेलें. लंडनच्या परिसरांतील चिकणमातींत नीपाचीं फळें विपुल मिळतात, आणि ती माती तृतीय महायुगाच्या इओसीन काळाची आहे. मग मोहगांवचें रानहि त्याच सुमाराचें कां नसावें? १९३४ सालीं त्यांनीं हा प्रश्न विद्वानांपुढें उघडपणें ठेवला आणि उत्तर हिस्लॉप यांच्या बाजूनें दिलें. सत्तर वर्षांपूर्वीं ओढ्यांत बुडालेल्या त्या मिशनऱ्याचें मत पुन्हां उभें राहिलें.

श्रोतेहो, गोष्ट येथें संपती तर ती फार गोड झाली असती. परंतु तसें झालें नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दगडांतील विशिष्ट मूलद्रव्यांच्या मंद रूपांतरावरून त्याचें वय वर्षांत मोजण्याची विद्या हातीं आली. तिनें काळ्या दगडाचें वय सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षें ठरविलें, आणि उद्रेकाचा मुख्य भर दहा लाख वर्षांच्या आंत आटोपला, असेंहि दाखविलें. हाच तो क्षण, जेथें क्रिटेशस युग संपून तृतीय महायुग सुरू होतें! दोन युगांची सीमाच या लाव्ह्याच्या थरांमधून जाते. कांहीं थर तिच्या अलीकडचे, कांहीं पलीकडचे. लाव्ह्याच्या थरांमधील गाळांत पुढें डायनोसॉरांच्या अंड्यांचीं टरफलेंहि सांपडलीं. आणि नीपाच्या जातीच्या ताडांचे पराग क्रिटेशसच्या अखेरीसहि असल्याचें इतरत्र आढळलें. म्हणजे नीपा सीमेच्या दोन्ही बाजूंस होता. त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल देणें योग्य नव्हतें. ब्लॅनफर्ड अर्धे बरोबर, हिस्लॉप आणि साहनी अर्धे बरोबर.

तर मग या साऱ्या खटाटोपांतून टिकलें काय? मतें बदललीं, पण दगड जेथून घेतला त्या जागेची नोंद टिकली. हिस्लॉप यांनीं टाकळीचा थर नोंदला होता, म्हणूनच नंतरच्या संशोधकांस तेथें परत जातां आलें. साहनी व रोडे यांनीं आपल्या निबंधांत मोहगांवच्या थरांच्या स्थानाचा स्वतंत्र विचार केला, म्हणूनच त्यांचा निष्कर्ष पुढें तपासतां आला आणि दुरुस्तहि करतां आला. ज्याची चूक दुसऱ्यास शोधून काढतां येते, त्याचें काम वायां जात नाहीं.

डॉ. साहनींनीं १९४६ सालीं लखनौ येथें प्राचीन वनस्पतींच्या अभ्यासासाठीं संस्था स्थापिली. तिच्या इमारतीची कोनशिला १९४९ च्या एप्रिलच्या ३ तारखेस पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्तें बसली. ती शिला साहनींनीं स्वतः तयार केली होती. निरनिराळ्या युगांतील जीवाश्म तींत बसविले होते. त्यानंतर आठवडाभरांतच हृदयविकारानें त्यांचें निधन झालें. संस्थेचा भार सावित्रीबाईंनीं उचलला, आणि ती संस्था आज त्यांच्या पतीच्या नांवानें चालू आहे.

आतां त्या शेताच्या बांधाकडे. हातांतील गारगोटींत ताडाचें लाकूड होतें, यांत मला संशय नाहीं. पण ती कोणत्या वावरांतली, कोणत्या थराची, वरच्या लोटाच्या आधींची कीं नंतरची, हें सांगणारा माणूस उरला नव्हता. त्या काकांच्या आजोबांचा दोष नाहीं. त्यांना फाळ वांचवावयाचा होता. आपण शिकलेलीं माणसें मात्र असा दगड दिसतांच तो दिवाणखान्यांतील कपाटांत ठेवण्यासाठीं उचलतों, आणि घरीं पोंचेपर्यंत जागा विसरतों. तो दोष आपला. तेव्हां कोणा श्रोत्यास रानांत कधीं असा दगड भेटलाच, तर तो आहे तेथेंच राहूं द्यावा, गांवाचें, ओढ्याचें आणि शेताचें नांव लिहून घ्यावें, आणि जवळच्या कॉलेजांतील भूशास्त्राच्या किंवा वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांस कळवावें.

मीं ती गारगोटी पुन्हां बांधावर ठेविली. काकांनीं विचारलें, “नेत नाही का?” मी म्हणालों, “नाहीं. पण नांगराला पुढचा दगड लागला, कीं कोठें लागला तेवढें ध्यानांत ठेवा.” त्यांनीं मान डोलावली आणि तिफण घेऊन ते वावरांत गेले.