लढाऊ विमानाच्या महाकाय प्रतिकृतीची कुळकथा

पावणेतीन मीटरांहून अधिक पंखविस्तार, पंधरा-वीस किलो वजन, नाकाशी लाकूडतोडीच्या करवतीच्या जातीचे पेट्रोल-इंजिन आणि अंगावर 1940 सालच्या रणवेषातील रंग व चिन्हे, असे एखादे बिनतारी नियंत्रणाचे ‘स्पिटफायर’ लढाऊ विमान मैदानाच्या टोकाशी उभे राहिले म्हणजे पाहणाराला ते केवळ वैभवाचे प्रदर्शन वाटण्याचा संभव असतो. आणि एवढा खर्च, एवढे श्रम व एवढी जागा हातभर लांबीच्या प्रतिकृतीने वाचली नसती काय, असा प्रश्न त्याने केला तर त्याला दोष देता येत नाही. परंतु या वस्तूचे कूळ शोधीत मागे गेले म्हणजे दिसून येते ते असे की, तिचा हा आकार हौसेने ठरविलेला नसून हवेच्या हुकुमाने ठरलेला आहे, आणि ज्या साधनांनी तो शक्य झाला त्यांतील प्रत्येक साधन मुळात दुसऱ्याच कामासाठी जन्माला आले होते.

या कुळाचा मूळपुरुष म्हणून आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाचे नाव घेतले पाहिजे. 1871 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या त्विलेरी उद्यानात त्याने रबराच्या पिळावर चालणारे आपले छोटे विमान जाणत्या मंडळींसमोर सोडले, आणि ते 11 सेकंदांत सुमारे 40 मीटर अंतर स्थिरपणे कापून गेले. पंखाच्या मागे, थोड्या उणे कोनात बसविलेली शेपटी आणि वर उचललेली पंखाग्रे या दोन युक्त्यांनी त्याने असे दाखवून दिले की, चालक नसलेले विमानही आपला तोल आपण सांभाळू शकते. मनुष्य विमानात बसून उडण्यापूर्वी तीन दशके प्रतिकृती उडाली होती. प्रतिकृती म्हणजे खऱ्याची नक्कल असा जो रूढ समज आहे तो या इतिहासाच्या दृष्टीने उलटा आहे, हे मला आवर्जून नमूद करावेसे वाटते.

दुसरे घराणे बिनतारी संदेशाचे. निकोला टेस्ला याने 1898 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तारेवाचून चालणारी नौका दाखविली. पहिल्या महायुद्धात आर्चिबाल्ड लो या ब्रिटिश शास्त्रज्ञाने निर्मनुष्य विमानाचे प्रयोग केले, आणि 1935 च्या सुमारास ‘क्वीन बी’ या नावाचे, टायगर मॉथ या विमानाच्या घराण्यातील बिनतारी विमान ब्रिटिश तोफखान्याच्या नेमबाजीसाठी लक्ष्य म्हणून आकाशात फिरू लागले. हे सारे सरकारी खजिन्यातून चाललेले आणि पूर्ण आकाराच्या यंत्रांचे उद्योग होते. खाजगी माणसाच्या हाती ती विद्या अद्याप आली नव्हती.

ती आणली मिशिगनमधील कॅलामझू गावच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी. वॉल्टर प्रतिकृती-विमाने बांधण्यात निष्णात आणि विल्यम हौशी बिनतारीवाला. एकाच्या हस्तकौशल्याला दुसऱ्याच्या विद्युत्ज्ञानाची जोड मिळाली. 1937 साली त्यांचे ‘गफ’ नावाचे विमान जमिनीवरील माणसाच्या इच्छेप्रमाणे वळू लागले. या विमानाचा पंखविस्तार 8 फूट होता, ही गोष्ट आपल्या कथेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्या काळच्या निर्वात नळ्या आणि जड विद्युत्घट उचलण्याला मोठ्या पंखाखेरीज गत्यंतर नव्हते. म्हणजे या विद्येचे पहिले अपत्य थोरच जन्मले, पुढे साधने हलकी होत गेली तसतशी संतती लहान झाली, आणि मग काही पिढ्यांनी ती पुन्हा जाणीवपूर्वक मोठी झाली. हे ‘गफ’ आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या विमान-संग्रहालयाच्या मालकीचे आहे.

त्याच दशकात हॉलिवूडमध्ये रेजिनल्ड डेनी हा इंग्रज नट प्रतिकृती-विमानांच्या नादी लागला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलात नोकरी केलेल्या या गृहस्थाने प्रथम प्रतिकृतींचे दुकान काढले, आणि तेथून त्याच्या मनात असा विचार आला की, हेच विमान थोडे मोठे करून बिनतारीने चालविले तर विमानविरोधी तोफांच्या गोलंदाजांना सरावासाठी स्वस्त लक्ष्य मिळेल. अमेरिकन लष्कराने अनेक चाचण्यांनंतर ही योजना मान्य केली, आणि त्याच्या ‘रेडिओप्लेन’ कारखान्यातून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत सुमारे 15,000 लक्ष्य-विमाने बाहेर पडली. सव्वाबारा फूट पंखविस्ताराची ही विमाने उडत ती तोफांनी पाडली जाण्यासाठीच. खेळण्यातून युद्धसाहित्य निघाल्याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा क्वचितच सापडेल. याच कारखान्यात 1945 साली काम करणाऱ्या एका तरुणीचे छायाचित्र लष्करी छायाचित्रकाराने टिपले, आणि ती पुढे मेरिलिन मन्रो या नावाने जगास माहीत झाली. परंतु कारखान्याची खरी कीर्ती त्या छायाचित्राने झाकोळली गेली, हे खेदाने म्हणावे लागते.

लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींची गोडी सामान्य घरांत शिरली तीही युद्धाच्याच द्वाराने. 1942 च्या आरंभी अमेरिकन नौदलाने शाळाशाळांतील विद्यार्थ्यांकडून पाच लाख लाकडी प्रतिकृती मागविल्या. शत्रूचे विमान कोणते आणि मित्राचे कोणते, हे सैनिकांना दुरून आकृतीवरून ओळखता यावे, हा त्यामागील हेतू होता. प्रमाण 1:72 आणि रंग काळा. प्रत्येक नमुना मापाने तपासून मगच स्वीकारला जाई. नाकाचा उतार किंवा पंखाचा कंस नेमका कसा आहे, हे नजरेने पारखण्याची शिस्त एका सबंध पिढीच्या अंगी त्यातून बाणली, आणि पुढे याच पिढीतील प्रौढांनी आपल्या विरंगुळ्यासाठी स्पिटफायर आणि मस्टँग निवडले यात आश्चर्य नाही.

युद्धोत्तर काळात नियंत्रणाची विद्या झपाट्याने सुधारली. प्रारंभी ‘डावे’, ‘उजवे’ आणि ‘मध्य’ एवढ्याच आज्ञा पोचत. 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डग स्प्रेंग आणि डॉन मॅथर्स यांच्या ‘डिजिकॉन’ संचाने हाताची कांडी जितकी हलेल तितकेच सुकाणू हलावे अशी व्यवस्था केली. सेकंदातून सुमारे पन्नास वेळा एक स्पंद पाठवावयाचा, तो दीड सहस्रांश सेकंद टिकला तर सुकाणू मध्यावर, एक सहस्रांश टिकला तर एका टोकास आणि दोन सहस्रांश टिकला तर दुसऱ्या टोकास, ही त्या काळात रुजलेली वहिवाट आजच्या, सुकाणू हलविणाऱ्या सर्व्हो यंत्रांतही चालू आहे.

येथे आपण हवेच्या हुकुमाशी येऊन पोचतो. विमान चौथाई केले तर लांबी चौथ्या हिश्श्यावर, पंखाचे क्षेत्रफळ सोळाव्या हिश्श्यावर आणि आकारमान चौसष्टाव्या हिश्श्यावर येते. आरंभीच्या स्पिटफायरचे सज्ज वजन सुमारे 2,600 किलो आणि पंखक्षेत्र सुमारे 22.5 चौरस मीटर धरले तर चौथाई प्रतिकृतीचे प्रमाणबद्ध वजन 40 किलो आणि पंखक्षेत्र 1.4 चौरस मीटर निघते. असे विमान खऱ्याच्या निम्म्या वेगाने उडाले म्हणजे डोळ्याला ते सत्य वाटते. कुशल कारागीर तेच विमान वीस किलोंत बसवितो, आणि त्यामुळे ते त्याहूनही सावकाश उतरू शकते. परंतु हवेचे कण काही कोणी चौथाई करून देत नाही. ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने 1883 साली पाण्याच्या प्रवाहावर प्रयोग करून गती, आकार आणि चिकटपणा यांचे जे नाते मांडले, त्याच्या हिशेबाने चौथाई विमान निम्म्या वेगाने जाताना त्याच्या पंखावरील प्रवाह मूळच्या अष्टमांश श्रेणीचा असतो. सोळाव्या हिश्श्याचे विमान चौथाई वेगाने उडविले तर ती श्रेणी चौसष्टाव्या हिश्श्यावर येते, आणि हवा त्या चिमुकल्या पंखाला काकवीसारखी दाट भासते. लहान पंख लवकर आधार सोडतो, झुळुकीने हेलपाटतो, आणि त्याला उडते ठेवण्यासाठी वेग वाढविला की त्याच्या गतीतील डौल नाहीसा होतो. मोठे विमान चांगले उडते, ही अनुभवी मंडळींची म्हण या गणितावर आधारलेली आहे.

हे गणित पूर्वीपासून ठाऊक होते; उणीव होती ती इंजिनाची. ग्लो-प्लगची इंजिने मद्यार्काच्या इंधनावर चालत, त्यांचे सामर्थ्य मर्यादित आणि इंधन महाग. 1970 च्या दशकात ‘क्वाड्रा’सारखी, करवतीच्या आणि अन्य हातयंत्रांच्या धर्तीची पेट्रोल-इंजिने विमानात बसू लागली, आणि पुढे जपानी ‘झेनोआ’चे 62 घनसेंटिमीटरचे इंजिन या मंडळीत सर्वमान्य झाले. त्यांच्या ठिणगीमुळे बिनतारी ग्रहणात व्यत्यय येई. म्हणून इंजिनाकडे जाणारी धातूची काडी काढून नायलॉनची घालणे, रोधयुक्त प्लग वापरणे आणि रिसीव्हर इंजिनापासून शक्य तितका दूर ठेवणे, असे नियम अनुभवाने सिद्ध झाले. 1980 साली अमेरिकेत या हौशी मंडळींची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली; एकपंखी विमानाला किमान 80 इंच पंखविस्तार, द्विपंखीला 60 इंच, किंवा मग खरोखरीची चौथाई, अशी तिने महाकाय प्रतिकृतीची व्याख्या केली. इंग्लंडमध्ये ठरावीक वजनाहून जड प्रतिकृतीची बांधणी चालू असतानाच नेमलेल्या निरीक्षकाकडून तपासणी करून घ्यावी लागते, आणि त्यानंतर परीक्षा-उड्डाणे पार पडल्यावरच तिला सर्वांसमोर उडण्याची सनद मिळते. ही पद्धत मला फार योग्य वाटते, कारण कातडीखाली झाकलेला सांधा नंतर कोणालाच दिसत नाही.

बांधणीचे सामान मात्र शतकापूर्वीच्या कारागिरालाही ओळखीचे वाटेल: एक्वाडोरचे बाल्सा लाकूड, बर्चचे प्लाय आणि स्प्रूसच्या पट्ट्या; नवे ते त्यांवरील काचतंतूचे पातळ वस्त्र एवढेच. नकाशा टेबलावर पसरून त्याच्यावर थेट फासळ्या उभ्या करावयाच्या, आणि पंखाला मुळापासून टोकापर्यंत किंचित पीळ द्यावयाचा. खऱ्या स्पिटफायरमध्ये हा पीळ मुळाशी दोन अंश वर आणि टोकाशी अर्धा अंश खाली असा होता. प्रतिकृतीत तो राखला नाही तर वेग मंदावताच पंखाचे टोक आधी आधार सोडते आणि विमान पाठीवर कोलमडते.

आणि मग सज्जता. बांधणीत जेवढे महिने जातात त्या मानाने हा काळ थोडा, परंतु विमानाचे आयुष्य येथेच ठरते. पहिला प्रश्न गुरुत्वमध्याचा. खऱ्या स्पिटफायरच्या नाकाशी मर्लिन इंजिनाचे अवजड धूड होते. प्रतिकृतीचे इंजिन त्या प्रमाणात फार हलके, म्हणून आखूड नाकाच्या लढाऊ विमानांत शिसे भरावे लागते. शेपटीत वाचविलेला एक तोळा नाकातील तीन तोळे वाचवितो, हे ओळखून जाणता कारागीर शेपटीकडील प्रत्येक फासळी तासून हलकी करतो. पंखाच्या मध्यम रुंदीच्या पुढून 25 ते 30 टक्के अंतरावर तोल आला पाहिजे. तो मागे गेला तर विमान हाताशी राहत नाही, पुढे असला तर जड वाटते एवढेच. म्हणून पहिल्या उड्डाणाला तोल पुढच्याच बाजूस ठेवण्याचा शिरस्ता आहे. तोलाची रुजुवात इंधनाची टाकी रिकामी असताना करावी, आणि चाके पोटात घेतल्यावर ती पुढेमागे सरकत असतील तर दोन्ही स्थितींत करावी.

त्यानंतर सुकाणूंची मर्यादा. मोठ्या इलेव्हेटरला एकच दुबळा सर्व्हो जोडणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. दोन्ही अर्धांना स्वतंत्र सर्व्हो, ताठ काड्या, बिजागरीतील फट बुजविलेली, आणि सर्व्होच्या दांड्याला शक्य तितके आतले छिद्र, अशी रचना केली म्हणजे वेगात सुकाणू थरथरत नाही. रिसीव्हरला दोन विद्युत्घट, दोन कळा. ठिणगी तोडण्याची निराळी सोय. आणि संदेश तुटला तर इंजिन आपोआप मंदावेल असा बंदोबस्त. फ्लॅप उतरविताना नाकाचा कल बदलतो, त्याची भरपाई इलेव्हेटरकडून किती करावयाची हे पुरेशा उंचीवर करून पाहावे. जमिनीजवळ पाहू नये. शेवटची चाचणी पल्ल्याची: ट्रान्समीटरची शक्ती मुद्दाम उणी करून, इंजिन चालू ठेवून, तीस पावले दूर जाऊन प्रत्येक सुकाणू हलवून पाहावे. शेपटीवर चाक असलेली ही जात धावताना डावीकडे वळू पाहते. स्पिटफायरची चाके तर एकमेकांस फारच जवळ. म्हणून इंजिनाची गती हळूहळू वाढवून उजवा रडर आधीपासून दाबून ठेवणे भाग पडते.

आपल्याकडे ही विद्या प्रामुख्याने राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागाने जोपासली. 2021 च्या ड्रोन नियमांनी 25 किलोंपर्यंतच्या, शिक्षण, संशोधन किंवा केवळ मनोरंजन यांसाठी असलेल्या आणि दृष्टीच्या टप्प्यात उडविलेल्या विमानाला प्रतिकृती-विमान म्हणून स्वतंत्र स्थान दिले आहे. चौथाई स्पिटफायर त्या मर्यादेत बसते. तरीही आमचे हौशी कारागीर आजवर बहुधा परदेशी नकाशांवर परदेशी दलांची चिन्हे रंगवीत आले आहेत. 1941 साली मुंबईकरांच्या देणगीतून भारतीय विमानदलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनला बारा लायसँडर विमाने मिळाली, आणि पुढील फेब्रुवारीत के. के. मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी ब्रह्मदेशातून शत्रूच्या तळांवर हल्ले केले. या विमानाचा पंख उंचावर, पंखविस्तार 50 फूट, आणि मंद गतीला सांभाळणाऱ्या अग्रपट्ट्या आपोआप उघडणाऱ्या. चौथाईत साडेबारा फुटांचे, सावकाश उतरणारे असे दुसरे उत्तम प्रतिमान शोधूनही सापडणार नाही. पालमच्या विमानदल-संग्रहालयात एक लायसँडर उभे आहे. पुण्या-मुंबईच्या कारागिरांनी तेथील अधिकाऱ्यांची लेखी परवानगी काढून त्याची मापे घ्यावीत, स्वतःचा नकाशा तयार करावा आणि तो नवशिक्यांना विनामूल्य द्यावा, एवढीच माझी विनंती आहे.