खतावणीतली लहान नावं

वऱ्हाडात वर्तमानपत्राचं पोट कापसाच्या हंगामावर भरत आलं आहे. दसऱ्यानंतर कापूस बाजारात येतो, शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो, आणि मगच अमरावतीच्या जवाहर रोडवरचे कापडवाले, अकोल्याच्या गांधी रोडवरचे दुकानदार जाहिरातीचं मनावर घेतात. अमरावतीच्या एका दैनिकाच्या जाहिरात विभागात मी उमेदीची सगळी वर्षं खतावणी लिहिली. आता अकोल्यातली काही तरुण मुलं-मुली बातम्यांचं संकेतस्थळ चालवतात, त्यांचे हिशेब बघते. जाहिरातीचं उत्पन्न आटतंय, काय करायचं, असं ती विचारतात, तेव्हा मी त्यांना या धंद्याचा मागचा इतिहास सांगते. त्यांचं दुखणं नवं नाही.

मराठी पत्रं जन्मली ती वाचकाच्या पैशावर. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघालं. पत्र वर्गणीवर चालायचं. त्या काळी वर्गणीची रक्कम लहान नव्हती, वर्गणीदार मोजकेच राहिले आणि १८४० मध्ये पत्र थांबलं. इकडे ‘दर्पण’ चालू असतानाच, १८३३ मध्ये, न्यू यॉर्कला बेंजामिन डे याने ‘सन’ हे दैनिक एका सेंटला विकायला काढलं. अंक स्वस्त द्यायचा, खप वाढवायचा आणि खर्चाची भर जाहिरातदाराकडून घ्यायची, ही रीत त्यानंतर जगभर पसरली. आपल्याकडे ती रुजायला फार काळ गेला.

स्वातंत्र्याच्या चळवळीत वऱ्हाडाने नावाजलेली पत्रं काढली. अमरावतीत वीर वामनराव जोशींचं ‘स्वतंत्र हिंदुस्थान’, ना. रा. बामणगावकरांचं ‘उदय’, डॉ. पंजाबराव देशमुखांचं ‘महाराष्ट्र केसरी’. अकोल्यात ब्रिजलाल बियाणींचं ‘मातृभूमि’. यवतमाळला लोकनायक बापूजी अण्यांचं ‘लोकमत’. १९१० च्या प्रेस कायद्याने छापखान्याकडून जामीन मागण्याची आणि तो जप्त करण्याची सोय सरकारने करून ठेवली होती. सरकारशी भांडणाऱ्या पत्राने सरकारी जाहिरातीची आशा धरायची नसते. वर्गणीदार, देणगीदार आणि संपादकाची स्वतःची पदरमोड यांवरच अशा पत्रांना दिवस काढावे लागत.

स्वातंत्र्यानंतर हिशेब बदलला. कागद महाग, तार महाग, आणि अंकाची किंमत छपाईच्या खर्चालाही पुरेना. १९५६ च्या कायद्याच्या आधारे केंद्र सरकारने १९६० मध्ये दैनिकांची पानं आणि किंमत यांची सांगड घालणारा हुकूम काढला. मोठ्या पत्रांपुढे लहान पत्रांना तग धरता यावा, असा सरकारचा युक्तिवाद होता. पुण्याचा ‘सकाळ’ त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६१ मध्ये न्यायालयाने ते बंधन घटनाबाह्य ठरवलं. जाहिरातीची जागा आवळली की किंमत वाढवावी लागते, किंमत वाढली की खप घटतो, आणि खप घटला की विचार लोकांपर्यंत पोचण्याच्या हक्कालाच धक्का बसतो, हा त्या निकालातला धागा. जाहिरात म्हणजे नुसता धंदा, असं म्हणणाऱ्यांना मी हा निकाल आवर्जून सांगते.

मग आले जिल्हा दैनिकांचे भरभराटीचे दिवस. माझ्या खतावणीत वर्षाचे ऋतू दिसत. जूनमध्ये बियाणं आणि खतं. अकोल्यात कृषी विद्यापीठ आणि महाबीजचं मुख्यालय असल्यामुळे पेरणीच्या बातम्यांना वाचक होता, आणि त्या पानाला जाहिरातदारही. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर ही पानं आणखी भरली. दहावी-बारावीच्या निकालांनंतर शिकवणी वर्ग. पोळा, दसरा, दिवाळी अंक. लग्नसराईत कापड, भांडी, सोनं. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मेला दर्यापूर, अचलपूर, अकोट, मूर्तिजापूर, वरूडपर्यंतचे सरपंच, शाळा, पतसंस्था, सेवा सोसायट्या. पुढाऱ्यांचे वाढदिवस. रोज जाहीर नोटिसा, नावबदल, निविदा, तेरवीचं निमंत्रण. एकेक रक्कम लहान, पण नावांनी पान भरून जाई. एक दुकानदार दर दिवाळीला म्हणत, “ताई, पेपरात नाव नाही आलं तं लोक म्हणतीन, यायचं दुकान बसलं.” त्यांना आपल्या गावाच्या पेपरात असणं मोलाचं वाटे.

ही नावं एकदम गेली नाहीत. आधी फ्लेक्स आले. वाढदिवसाच्या शुभेच्छा कागदावरून चौकात गेल्या आणि एक मोठी मिळकत बुडाली. निविदा ऑनलाइन झाल्या, तशी नोटिशीची जागा आखडली. २०१६ च्या सप्टेंबरात स्वस्त डेटा आला, नोव्हेंबरात नोटबंदी. बाजारच थंडावला तेव्हा दुकानदाराने पहिला खर्च कापला तो जाहिरातीचा. पुढे तोच माणूस म्हणाला, “आता पोराच्या मोबाईलवरूनच जाते गिऱ्हाइकाले फोटो. पेपरात काऊन द्याची?” त्याचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत अंक घरोघर टाकणंच काही दिवस बंद पडलं, आणि जे उरलं होतं तेही गळालं.

त्या वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एकूण रक्कम घटण्याच्या कितीतरी आधी खतावणीतली नावं घटली होती. वर्षअखेरची बेरीज काही काळ ठीक दिसत होती, कारण दोन-चार मोठे जाहिरातदार आणि सरकारी जाहिराती ती उचलून धरत होत्या. पण ज्याचा निम्मा पैसा एका हातातून येतो, त्याची लेखणी त्या हाताकडे बघून चालू लागते. आणीबाणीत जाहिरात द्यायची की रोखायची, हे वर्तमानपत्रांना वठणीवर आणण्याचं साधन झालं होतं. ती भीती त्या काळापुरती नव्हती.

संकेतस्थळावर तर तो हात एकच असतो. गूगलची अ‍ॅडसेन्स सेवा २००३ ची. हिंदीला तिचं दार २०१४ मध्ये उघडलं, मराठीला त्यानंतर. खात्री पटवणारा पिन पोस्टाने घरी आला तेव्हा अकोल्याच्या त्या मुलांना झालेला आनंद मी पाहिला आहे. पण शंभर डॉलर जमेपर्यंत पैसे हाती येत नाहीत, दर कुणी ठरवला ते कळत नाही, आणि २०१८ मध्ये फेसबुकने बातम्यांच्या पानांना मागे ढकललं तेव्हा कुणाशी बोलायचं हेही कळलं नाही. दुकानदाराशी निदान चहा पिऊन बोलता येत असे.

म्हणून मी त्यांना खतावणी पुन्हा उघडायला लावली. गावोगावचे कृषी केंद्रवाले, रोपवाटिका, शिकवणी वर्ग, मंगल कार्यालयं यांच्याकडे स्वतः जा. रोजचे कापूस, तूर, सोयाबीनचे भाव नेमाने द्या आणि त्या पानासाठी महिन्याची लहान रक्कम मागा. वाचकांकडे वर्गणी मागायला लाजू नका. ‘दर्पण’नेही ती मागितली होती. कुणा एकाकडून वर्षाच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा येऊ लागला, तर आनंद करण्याआधी दुसरी दहा नावं शोधा.

या रीतीने कुणी श्रीमंत होत नाही. वसुलीला पायपीट आहे, उन्हाळ्यात तर जीव जातो. पण तालुक्याच्या पाणीटंचाईची, बोगस बियाण्याची, बाजार समितीतल्या वजनकाट्याची बातमी मुंबई-दिल्लीचं कुणी करायला येणार नाही. ती करणारं घर चालायचं असेल, तर त्याचा खर्च ज्यांची ती बातमी आहे त्या लोकांनी, थोडा थोडा का होईना, उचलला पाहिजे. आणि मागायला त्यांच्या दारात आपणच गेलं पाहिजे.