डोंबिवलीचे नाव लागलेली संख्या

नऊ वेळा १ लिहून जी संख्या होते, तिचा वर्ग करावा. उत्तर येते १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. एकापासून नऊपर्यंत चढायचे आणि त्याच पायऱ्यांनी खाली यायचे. उलटीकडून वाचली तरी संख्या तीच. या घराण्याला गणितात ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हणतात. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली.

हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ठेवले. जन्म १९०५ साली डहाणूत, शिक्षण ठाण्याला आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी देवळालीच्या शाळेत शिकवले. या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना त्यांना जी.आय.पी. रेल्वेवरच्या डेम्लोला सुचली, म्हणून त्यांनी स्थानकाचेच नाव दिले. १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये त्यांचा यावरचा लेख छापून आला.

अंकांची ही चढउतार मात्र फार जुनी आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात १२३४५६५४३२१ ही संख्या शब्दांत येते: एकापासून सहापर्यंत वाढत जाणारी आणि मग क्रमाने कमी होणारी. हा सहा एकांचा वर्ग. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली. नऊ एकांचा वर्ग त्यांतल्या सतराव्या, ‘मध्य’ नावाच्या स्थानावर पोचतो. इतक्या मोठ्या संख्येलाही आपल्याकडे घर तयार होते!

अंक असे चढतात-उतरतात याचे कारण अगदी शाळकरी आहे. गुणाकार कागदावर मांडला की एकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत जातात. उभ्या बेरजेत पहिल्या घरात एक १, दुसऱ्यात दोन, मधल्या घरात नऊ, मग पुन्हा कमी कमी. कुठेच हातचा येत नाही. दहावा १ जोडला की मधल्या घरात दहा होतात, हातचा द्यावा लागतो आणि रांग मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१.

अजून एक गंमत. आपल्या नऊ एकांच्या वर्गातील अंकांची बेरीज ८१ होते, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. या १२३४५६७९ मध्ये ८ नाही. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नाव कापरेकरांनीच दिले.

मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून कापरेकरांची ओळख जगाला करून दिली. आपल्याकडे ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’पुरतेच त्यांचे नाव निघते, हे अपुरे आहे. गुणाकार शिकवणाऱ्या शिक्षकांनी नऊ ओळींची ही मांडणी एकदा तरी फळ्यावर पूर्ण लिहावी आणि शेजारी कापरेकरांचे नाव लिहावे.