यमूची मैत्रीण

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतली. १८९० साली निघालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती क्रमशः आली, १८९३ साली पुस्तक झाली. विधवेची कहाणी म्हणून लोक ती वाचतात. मी वाचतो ती यमू आणि दुर्गी यांच्यासाठी.

दोघी पुण्याच्या, एकाच जातीच्या, लहानपणापासूनच्या मैत्रिणी. पुढे यमूला रघुनाथरावांसारखा नवरा लाभतो. ते तिला वाचायला शिकवतात, मुंबईला नेतात. सुधारक कुटुंबांत तिची ऊठबस होते. दुर्गीच्या वाट्याला उनाड नवरा आणि हाल. माया आटत नाही, पण पायरी निराळी होते; आणि ती कोणाच्या कर्तबगारीने नव्हे, कुंकवाने ठरते. म्हणूनच रघुनाथराव जाताच यमूची पायरीही जाते.

हरिभाऊंची नजर पांढरपेशांच्या माजघरावर. त्याच मुंबईत, त्याच १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती या पानांबाहेरची गोष्ट.

पण दुर्गी आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात रोज भेटते. एकाच बाकावर आयटीआय केलेले दोन मित्र. एकाला कंपनीने कायम केले, दुसरा ठेकेदाराच्या हजेरीपटावर राहिला. मशीन तेच, पगार निराळा. डबा अजून एकत्र उघडतात. युनियनची सभा असली की मात्र एक आत बसतो आणि दुसरा, सभासद नसल्यामुळे, फाटकाशी त्याची वाट पाहत उभा राहतो.