तक्रार कोणाची, शपथ कोणाची?

चोरून ग्रंथ छापणारा पूर्वीं सांपडत असे, कारण छापखाना जागचा हलत नाहीं. परंतु संगणकांच्या जाळ्यावर लक्षावधि माणसें रोज मजकूर आणून टाकतात; त्यांत परक्याचें लेखन किंवा चित्र निघालें, तर दोष टाकणाऱ्याचा कीं जागा देणाऱ्याचा? अमेरिकेंतील न्यायालयांनीं आरंभीं या प्रश्नाचीं दोन निराळीं उत्तरें दिलीं.

१९९३ सालीं फ्लॉरिडांत फ्रेना नांवाच्या गृहस्थाच्या संगणकीय सूचनाफलकावर 'प्लेबॉय' मासिकाचीं १७० छायाचित्रें आढळलीं. तीं सभासदांनीं चढविलीं, मला पत्ता नव्हता, कळतांच काढून टाकिलीं, असें तो म्हणाला. न्यायालयानें ठरविलें कीं, अज्ञान हा बचाव नव्हे. पुढें १९९५ सालीं सायंटॉलॉजी पंथ सोडलेल्या एका टीकाकारानें पंथाचे ग्रंथ जाळ्यावर उघड केले, तेव्हां पंथीयांनीं 'नेटकॉम' या जोडणी पुरविणाऱ्या कंपनीसहि कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांत खेंचलें. न्यायमूर्ति व्हाइट यांचें म्हणणें असें कीं, यंत्र आपोआप प्रत उतरवितें तेवढ्यानें यंत्राचा धनी चोर ठरत नाहीं. पण तक्रार हातीं पडल्यावरहि तो स्वस्थ बसला, तर त्याला जाब विचारतां येईल. पुढील साऱ्या इतिहासाचें बीज मला या निकालांत दिसतें.

२८ ऑक्टोबर १९९८ रोजीं अमेरिकेंत तसा कायदाच झाला. सूचना येतांच मजकूर काढावा. ज्याचा काढला त्यास कळवावें. त्यानें उलट सूचना दिल्यावर तक्रारदारानें १० ते १४ कामाच्या दिवसांत दावा न लाविल्यास मजकूर पुन्हां ठेवावा. असें वागणाऱ्या चालकावर नुकसानभरपाईचा बोजा नाहीं. दिसावयास हें सोईचें आहे. वाचकांनीं शपथेचें कलम मात्र नीट वाचावें. तक्रारदाराची शपथ एवढ्यापुरतीच कीं, मालकातर्फे बोलण्याचा अधिकार आपणांस आहे. उलट, मजकूर चुकीनें काढला गेला अशी आपली प्रामाणिक समजूत आहे, हें दुसऱ्या पक्षास शपथेवर, नांव-पत्त्यासह आणि न्यायालयाचा अधिकार कबूल करून लिहून द्यावें लागतें. साधा माणूस येथेंच गप्प बसतो.

२००७ सालीं पेन्सिल्व्हानियांतील एक आई गप्प बसली नाहीं. प्रिन्स या गायकाच्या गाण्यावर डुलणाऱ्या तिच्या चिमुकल्याचें २९ सेकंदांचें चलच्चित्र युनिव्हर्सल कंपनीच्या तक्रारीवरून यूट्यूबनें काढलें होतें. उलट सूचना देऊन तिनें तें परत मिळविलें आणि कंपनीवरच दावा लाविला. तक्रार धाडण्यापूर्वीं हा न्याय्य उपयोग आहे काय, याचा विचार मालकानें केलाच पाहिजे, हें अपील न्यायालयाकडून वदवून घेईपर्यंत २०१५ साल उजाडलें. आणि मालकाची प्रामाणिक समजूत असली म्हणजे पुरे, ही पळवाट त्याच निकालांत राहिली!

आपल्या १९५७ च्या कायद्यांत २०१२ सालीं सुधारणा झाली व २०१३ च्या नियमांनीं तपशील भरला. दुवे व प्रवेश पुरवितांना होणाऱ्या तात्पुरत्या साठवणीपुरती ही व्यवस्था आहे. तक्रार पटल्यास चालकानें ३६ तासांच्या आंत मजकुराची वाट बंद करावी. २१ दिवसांत तक्रारदारानें न्यायालयाचा हुकूम न आणल्यास ती पुन्हां उघडतां येते. येथें गप्प बसणाऱ्याला शपथ घ्यावी लागत नाहीं. न्यायालयाची पायरी तक्रारदारानेंच चढावयाची. मला ही योजना अधिक न्यायाची वाटते. मात्र 'उघडावीच' असें कलमांत म्हटलेलें नाहीं. २१ दिवस सरल्यावरहि कुलूप तसेंच ठेवणाऱ्या चालकास तें कांहींच विचारीत नाहीं.